विश्लेषण : टॅरोमधल्या उलट्या माणसाला ‘कबाला’चा अर्थ कुणी दिला?

एका पायाने उलटा टांगलेला माणूस, डोक्याभोवती पिवळी प्रभा आणि खाली एक ओळ : ‘कबालानुसार या कार्डाचा अर्थ समर्पण.’ अशा धाटणीचे रील आज दादरची मुलगी पाहते आणि जव्हार-मोखाडा भागातल्या वांगणीतला मुलगाही पाहतो. (हे वांगणी म्हणजे बदलापूरच्या पुढचे रेल्वे स्थानक नव्हे, पालघर जिल्ह्यातले गाव.) रीलच्या शेवटी ‘हजारो वर्षांची ज्यू गूढविद्या’ असा दावा असतो आणि त्याला जोडून सल्ल्याचे शुल्क. टॅरोचे हे कार्ड जुने आहे, कबाला ही ज्यू परंपरा त्याहूनही जुनी आहे. पण दोघांचे नाते किती जुने? तर १७८१ सालापासूनचे. ते कसे जुळवले गेले आणि त्यात एकाच कार्डाला दोन वेगवेगळी अक्षरे कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे.

कार्डावर नेमके काय आहे?

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे, चार रंगांचे. उरलेले २२ चित्रांचे. त्यांना ‘मेजर अर्काना’ म्हणतात. त्यातल्या १२ व्या क्रमांकाचे कार्ड म्हणजे ‘हँग्ड मॅन’, टांगलेला माणूस.

आज बहुतेकांच्या मोबाइलवर दिसते ते चित्र १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचातले. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो संच योजला, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. (अनेक वर्षे या संचाच्या नावात वेट आणि प्रकाशक रायडर होते, चित्रकर्तीचे नाव नव्हते.) माणूस इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या लाकडाला टांगलेला आहे. लाकूड जिवंत आहे, त्याला पाने फुटली आहेत. एक पाय बांधलेला, दुसरा गुडघ्यात वाकवून मागे घेतलेला, हात पाठीमागे. चेहऱ्यावर वेदना नाही. प्रभावळ मात्र आहे, एखाद्या संताला असावी तशी. उलटा लटकलेला म्हटले की मराठी वाचकाला आधी विक्रमाचा वेताळ आठवतो, पण हा माणूस प्रश्न विचारणाऱ्यातला दिसत नाही. शांतपणे काहीतरी पाहतो आहे, असे वाटते.

या कार्डावर एकही हिब्रू अक्षर नाही, हे इथेच लक्षात ठेवलेले बरे.

हा माणूस मुळात कोण होता?

गद्दार. जुन्या इटालियन याद्यांमध्ये या पत्त्याचे नाव ‘इल त्रादितोरे’, म्हणजे विश्वासघातकी असेच सापडते.

टॅरो जन्मला उत्तर इटलीत, १४४० च्या दशकात, आणि जन्मला तो खेळ म्हणून. भविष्यासाठी नव्हे. त्या काळी इटलीतल्या शहरांत एक शिक्षा होती : राजद्रोही किंवा कर्जबुडवा हाती लागला नाही, तर त्याचे चित्र भर चौकातल्या भिंतीवर काढायचे, एका पायाने उलटे टांगलेले. माणूस पळाला तरी अब्रू भिंतीवर लटकत राहायची. फ्लोरेन्समध्ये १५३० च्या सुमारास आंद्रेआ देल सार्तो या नामांकित चित्रकाराला हे काम मिळाले होते. त्याने त्यासाठी केलेली उलट्या माणसांची रेखाटने आजही शिल्लक आहेत.

यात एक गमतीचा धागा आहे. टॅरोच्या सर्वात प्रसिद्ध जुन्या संचांपैकी एक मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्याचा, साधारण १४५० चा. सोनेरी वर्ख लावलेल्या त्या पत्त्यांत हा टांगलेला माणूस आहे. ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झाचे वडील मुत्सिओ यांनी १४१२ च्या सुमारास बाजू बदलली, तेव्हा त्यांच्या जुन्या धन्याने त्यांचेच असे एका पायाने टांगलेले चित्र काढवून घेतले होते. म्हणजे मुलाच्या दरबारात जो पत्ता खेळला जायचा, त्यावरच्या चित्राने कधीकाळी वडिलांची बदनामी झाली होती. त्या खेळणाऱ्यांना या पत्त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

या २२ चित्रपत्त्यांना तेव्हा ‘त्रिओन्फी’ म्हणत. इंग्रजीतला ‘ट्रम्प’, म्हणजे हुकूम, हा शब्द त्यावरूनच आला. त्रिओन्फी म्हणजे विजयाची मिरवणूक. अभ्यासकांत एक मत असे आहे की हे पत्ते म्हणजे अशा मिरवणुकीतली सोंगेच आहेत : एकामागून एक येणारी आणि आधीच्यावर मात करणारी.

हे कल्पनेत आणायला मोखाड्याच्या वाचकाला इटलीला जावे लागणार नाही. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ही अशीच मिरवणूक आहे. होळीनंतरच्या दिवसांत, रात्री, मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर मुखवट्यांची सोंगे नाचत येतात. आधी गणपती, सरस्वती, मग देव, दैत्य, आणि शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. सोंगे ५२ असतात, असे सांगितले जाते. कोणते सोंग कुणाच्या घरातल्याने नाचवायचे, हा मान अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इथे सोंगाचा अर्थ पुस्तकात पाहावा लागत नाही. क्रम, ताल आणि मुखवटा उचलणारे घर, यांत तो असतो. महिषासुर आधी आणि गणपती नंतर, असे कुणी करू म्हटले तर गावाला ते चालणार नाही. क्रमाचा हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मग पत्ते भविष्य सांगायला कधी लागले?

१७८१ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले की टॅरो हा साधा खेळ नसून प्राचीन इजिप्तचे लपवलेले ज्ञान आहे. पुरावा? काहीच नाही. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचता येत नव्हती. शांपोल्यों याने ती उलगडली १८२२ मध्ये. त्यामुळे इजिप्तच्या नावावर काहीही खपवणे सोपे होते.

आपल्या उलट्या माणसाचे जेबलँने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्याचे म्हणणे, हे कार्ड अडाणी छपाईवाल्याने उलटे छापले. खरे तर हा माणूस एका पायावर सरळ उभा आहे, दुसरा पाय कुठे टाकावा याचा विचार करतो आहे. म्हणजे हे कार्ड ‘विवेका’चे. तीनशे वर्षांहून अधिक काळ हे चित्र मुद्दाम उलटेच काढले जात होते, याचा त्याला पत्ता नव्हता.

त्याच खंडात कोंत द मेले या दुसऱ्या लेखकाचा निबंध आहे. त्यात पहिल्यांदा दिसते ते वाक्य, ज्यावर आजचे सगळे ‘कबाला टॅरो’ उभे आहे : चित्रपत्ते २२ आणि हिब्रू अक्षरेही २२. आकडा जुळला, म्हणून नाते जुळले.

कबालात खरोखर काय आहे?

‘कबाला’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘मिळालेले, स्वीकारलेले’. गुरूकडून शिष्याने घेतलेले ज्ञान, अशी ही ज्यू धर्मातली गूढ परंपरा. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहार’ १३ व्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या कास्तील भागात पुढे आला. त्याहून बऱ्याच जुन्या ‘सेफेर येत्झिरा’ या छोट्या ग्रंथात सांगितले आहे की ईश्वराने विश्व रचले ते दहा ‘सेफिरोत’ आणि २२ अक्षरांनी. या अक्षरांचे तीन गट आहेत. आलेफ, मेम आणि शिन या तीन ‘माता’, म्हणजे वायू, जल आणि अग्नी. सात ‘दुहेरी’ अक्षरे, ती ग्रहांची. बारा ‘साधी’, ती राशींची.

पुढे या दहा सेफिरोतांची आकृती रूढ झाली, तिला जीवनवृक्ष म्हणतात. दहा वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या २२ वाटा, प्रत्येक वाटेवर एक अक्षर. या वृक्षाचे मूळ वर आहे, विस्तार खाली. ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्याय ऐकत वाढलेल्या घरांना हे चित्र अजिबात परके वाटणार नाही. गीतेतला तो अश्वत्थही वर मूळ आणि खाली फांद्या असलेलाच आहे. (यावरून ‘कबाला आपल्याकडूनच गेली’ असे फॉरवर्ड करण्याची घाई मात्र नको. उलट्या झाडाची कल्पना जगात अनेकांना सुचली आहे.)

या सगळ्यात पत्ते कुठेही नाहीत. झोहारमध्ये तर ते असूच शकत नाहीत. तो ग्रंथ आला तेव्हा टॅरो जन्मायला दीडेकशे वर्षे बाकी होती. युरोपात साधे खेळाचे पत्तेसुद्धा १३७० च्या दशकात पोहोचले.

टांगलेल्या माणसाचे अक्षर कोणते, लामेद की मेम?

खरी गंमत इथे आहे. आकडा जुळला म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो : मोजायला सुरुवात कुठून करायची?

फ्रान्समध्ये एलिफास लेव्ही याने १८५० च्या दशकात ही जोडणी पद्धतशीर केली. नाव हिब्रू वाटते, पण माणूस ज्यू नव्हता. मूळ नाव अल्फोन्स लुई कोन्स्तां, शिक्षण कॅथलिक पाद्री होण्यासाठी झालेले. त्याने पहिल्या क्रमांकाच्या जादूगाराला पहिले अक्षर आलेफ दिले आणि पुढे मोजत गेला. बारावा पत्ता, बारावे अक्षर : लामेद. टॅरोमध्ये ‘मूर्ख’ नावाचा एक पत्ता बिनक्रमांकाचा असतो, तो त्याने शेवटाकडे, शिन अक्षरापाशी सरकवला.

लंडनमध्ये १८८८ मध्ये ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. त्यांनी मूर्खाला शून्य मानले आणि सगळ्यात आधी बसवले. आलेफ मूर्खाला गेले, जादूगार दुसऱ्या अक्षरावर आणि सगळी रांग एका घराने पुढे. टांगलेल्या माणसाच्या वाट्याला आले तेरावे अक्षर : मेम.

कोडिंग शिकलेल्या कुणालाही हा घोळ ओळखीचा वाटेल. मोजणी शून्यापासून की एकापासून, हा तो वाद. प्रोग्राममध्ये अशी एका घराची चूक झाली तर उत्तर चुकते आणि कुणीतरी ती दुरुस्त करतो. इथे उत्तर तपासायला काही साधनच नसल्याने दोन्ही मोजण्या टिकल्या आणि दोन्हींवर पुस्तके निघाली.

फरक किरकोळ नाही. लामेद हे ‘साधे’ अक्षर, तूळ राशीचे. मेम हे ‘माता’ अक्षर, पाण्याचे. रीलवर सांगतात तो ‘वाहू द्या, धरून ठेवू नका’ हा अर्थ मेमशी, म्हणजे पाण्याशी छान जुळतो. जीवनवृक्षावर गोल्डन डॉनने मेमची वाट ‘गेवुरा’ (कठोर न्याय) आणि ‘होद’ (तेज) यांच्यामध्ये धरली. त्यावरून ‘शिस्तीतून उजेडाकडे’ असाही अर्थ काढला जातो. पण लेव्हीच्या मोजणीत मेम कुणाचे? तेराव्या पत्त्याचे, म्हणजे मृत्यूचे. तेच अक्षर एका पद्धतीत समर्पण आणि दुसऱ्या पद्धतीत मृत्यू दाखवते.

वृक्षाचे नकाशेही एकसारखे नाहीत. गोल्डन डॉनने घेतलेली मांडणी अथानासिउस किर्शर या ख्रिस्ती, जेझुइट विद्वानाने १७ व्या शतकात छापलेल्या आकृतीवर बेतलेली आहे. १६ व्या शतकात सफेदमध्ये होऊन गेलेल्या इसाक लुरिया यांच्या परंपरेत वाटा आणि त्यांवरची अक्षरे वेगळ्या जागी आहेत. म्हणजे ‘मेमची वाट’ कुठून कुठे जाते, यावर खुद्द कबालातच एकमत नाही.

आणि क्रमाचे काय? जुन्या फ्रेंच संचांत ‘न्याय’ आठवा आणि ‘सामर्थ्य’ अकरावे. गोल्डन डॉनच्या मोजणीत त्यामुळे तूळ आणि सिंह राशी चुकीच्या पत्त्यांवर पडू लागल्या. न्यायाच्या हातात तराजू, सामर्थ्याच्या चित्रात सिंह, त्यामुळे चूक डोळ्यांना टोचणारी. तोडगा काय काढला? पत्त्यांचे क्रमांकच बदलून टाकले. वेट यांच्या संचात तोच बदललेला क्रम आला आणि आज तोच ‘मूळ’ समजला जातो. बोहाड्यात हे करून पाहावे!

खुद्द वेट गोल्डन डॉनचे सदस्य होते, पामेला कोलमन स्मिथही. तरीही वेट यांनी आपल्या पुस्तकात टांगलेल्या माणसाचे त्याआधीचे अर्थ, म्हणजे हौतात्म्य, विवेक, महान कार्य आणि कर्तव्य, खोटे ठरवले आणि स्वतःचा नवा दिला : ईश्वर आणि विश्व यांचे नाते. पण ते कबालातून आले, असा पुरावा त्यांनी जोडलेला नाही.

ज्यू परंपरेतले अभ्यासक याकडे कसे पाहतात?

कठोरपणे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात कबालाचा आधुनिक अभ्यास उभा करणारे गेर्शोम शोलेम यांनी लेव्ही आणि त्याच्या वारसदारांना अभ्यासकांत धरलेच नाही. टॅरोच्या बाजूने हाच निष्कर्ष ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी काढला. त्यांचे ‘द गेम ऑफ टॅरो’ १९८० मध्ये आले. नावातच त्यांचे म्हणणे आहे : हा खेळ आहे. इटली आणि फ्रान्सच्या काही भागांत तो आजही खेळला जातो.

महाराष्ट्राचा यात काही संबंध?

आहे, आणि तो अनेकांना माहीत नाही. कबालाचा एक ग्रंथ पुण्यात छापला गेला होता. गोल्डन डॉन स्थापन होण्याच्या एक वर्ष आधी, १८८७ मध्ये, पुण्यातले बगदादी ज्यू अब्राहम डेव्हिड इझिकिएल यांनी झोहारमधला ‘इद्रा झुटा’ हा भाग हिब्रू लिपीतल्या अरबीत अनुवाद करून प्रसिद्ध केला. बगदादी ज्यूंच्या घरात बोलली जाणारी ही भाषा. इझिकिएल थिऑसॉफिकल सोसायटीच्या संपर्कात आले होते. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हापासून गूढविद्येची चर्चा इथल्या शिकलेल्या घरांत पोहोचली होती.

इझिकिएल यांच्या पुस्तकावर वाद झाला तो मजकूर खरा की खोटा यावरून नव्हे. हे गुप्त ठेवायचे ज्ञान सामान्य माणसाच्या भाषेत आणावे का, असा पारंपरिक धर्मगुरूंचा आक्षेप होता. ज्ञानेश्वरांच्या प्रदेशात या वादाची जात वेगळी समजावून सांगायला नको. आणि पत्त्यांचा त्यात विषयच नव्हता. रब्बी शिमोन बार योखाय यांनी मृत्यूच्या दिवशी शिष्यांना दिलेली शिकवण, हा इद्रा झुटाचा विषय.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे उदाहरणही पाहता येईल. अलिबाग, रेवदंडा, पेण परिसरात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मराठी भाषक ज्यूंचा हिब्रू अक्षरांशी संबंध आला तो प्रार्थनेतून. वल्हांडणाच्या सणाला वाचायचा ‘हग्गादा’ पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू आणि मराठीत छापला गेला. मेम आणि लामेद ही अक्षरे महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी घरातल्या ताटाभोवती वाचली जात होती.

पैसे देण्यापूर्वी काय विचारता येईल?

टॅरोकडे लोक जातात ते बहुधा अडचणीच्या वेळी. नोकरी गेलेली असते, लग्न मोडलेले असते, घरात आजारपण असते. समोर बसून कुणी तासभर ऐकून घेते, यालाही अनेकांच्या लेखी किंमत असते आणि ती द्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. चित्रावरून मनातले बोलते व्हायला कबालाची गरज लागत नाही. एका पायाने टांगलेला शांत माणूस पाहून ‘आपणही सध्या असेच अडकलो आहोत’ असे एखाद्याला वाटले, तर ते त्याचे स्वतःचे वाटणे आहे.

अडचण होते ती ‘प्राचीन ज्यू विद्या’ या नावावर शुल्क वाढते किंवा मृत्यूच्या कार्डाची भीती घालून ‘कबाला उपाय’ विकला जातो तेव्हा. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जोशी-ज्योतिषांचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे निव्वळ सल्ल्याबाबत ग्राहकाला बरेचसे स्वतःच्याच चौकसपणावर विसंबावे लागते.

अशा वेळी एक प्रश्न उपयोगी पडेल : या कार्डाचे अक्षर लामेद की मेम, आणि ते कुणाच्या मोजणीने? ज्याने विषय वाचला आहे, तो लेव्ही आणि गोल्डन डॉन ही दोन नावे घेईल आणि आपण कोणती पद्धत का वापरतो ते सांगेल. अशी माणसेही या व्यवसायात आहेत. ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याच्या पाटीवरचा ‘हजारो वर्षां’चा आकडा कुठून आला, हे मग त्यालाच विचारावे लागेल.